नेत्यांबद्दल फोनवरून मत विचारताय? नाशिकमध्ये या चुका टाळा

नमुन्यात, म्हणजे ज्यांची मतं घेतली त्या माणसांत, निफाड-दिंडोरीचे शेतकरी जेमतेम दिसत असतील, तर आधी कॉलची वेळ बघा. सकाळी कांदेवाला लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या लिलावात असतो. ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी, जानेवारीनंतर काढणी. गावाकडचे कॉल संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ लावा. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारची, आणि तिथे उर्दू बोलणारा माणूस फोनवर हवाच. नंबर उचलला नाही की लगेच दुसरा लावायचा, ही सर्रास होणारी चूक. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी किमान चार प्रयत्न करा, नाहीतर रिकामा वेळ असलेल्यांचंच मत हाती येतं.

नंबरावरून मतदारसंघ ओळखू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्याचं नाव धुळे-जळगावच्या यादीत असू शकतं. ‘तुमचा मतदारसंघ कोणता?’ असं विचारलं तर पुष्कळजण तालुका सांगतात. पण सुरगाणा कळवणमध्ये येतो, पेठ दिंडोरीत, त्र्यंबकेश्वर इगतपुरीत. म्हणून मतदार यादीत नाव कोणत्या गावात किंवा प्रभागात आहे ते विचारा आणि मतदारसंघ तक्त्यावरून तुम्ही भरा.

सगळ्यात जास्त घोळ प्रश्नातच होतो. एका नेत्याला ‘दादा’ किंवा ‘साहेब’ आणि दुसऱ्याचं नुसतं आडनाव घेतलं, की ऐकणाऱ्याला कॉल कुणाकडून आलाय ते कळतं. तो मग तुम्हाला आवडेल ते बोलतो किंवा फोन ठेवतो. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पद, एवढंच वाचायचं; नावांचा क्रमही दर कॉलला बदलायचा. आधी ‘नाव ऐकलंय का?’ विचारा, मग काम कसं वाटतं ते: खूप चांगलं, चांगलं, वाईट, खूप वाईट. ‘ऐकलं नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ती एकत्र केली की नवखा नेता उगाच नावडता ठरतो.

कांद्याचा प्रश्न नेत्यांच्या आधी ठेवू नका. डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी केंद्राची होती, पण भावाचा विषय आधी निघाला की त्याचा राग पुढच्या प्रश्नातल्या मुख्यमंत्र्यांवर निघतो. ‘लाडकी बहीण’ आधी विचारली की उलटं होतं. त्यामुळे कामाबद्दलचं मत आधी, योजना आणि भाव नंतर, मागच्या वेळी मत कुणाला दिलं ते शेवटी.

राज्यभरातल्या 1,000 जणांच्या नमुन्यातून ‘नाशिकचा कौल’ काढू नका. विधानसभेच्या 288 पैकी 15 जागा इथल्या, म्हणजे वाट्याला 50 च्या आसपास माणसं. चूक अधिक-उणे 14 टक्क्यांपर्यंत जाते. जिल्ह्याचा आकडा हवा तर निदान 600 पूर्ण मुलाखती करा, म्हणजे ती 4 वर येते. एकेका मतदारसंघाचं तेव्हाही बोलू नये.

बायकांचं प्रमाण कमी पडतंच, कारण घरातला फोन बहुतेक पुरुषाच्या खिशात असतो. त्यावर एका बाईचं उत्तर पाच-सहा जणींएवढं मोजणं हा उपाय नव्हे. वजन, म्हणजे एक उत्तर कितीजणांएवढं मोजलं तो आकडा, तीनच्या वर गेलं तर कॉल वाढवा आणि बाई प्रश्नकर्त्या ठेवा. शिवाय अशी वजनं लावलेले आकडे देताना परिणामी नमुना, म्हणजे खरं बळ किती मुलाखतींएवढं उरलं, ते सांगा: वजनांमुळे विचरण (अंदाजातला चढउतार) 1.6 पट झालं, तर 800 मुलाखतींचं बळ 500 एवढंच उरतं.