तलाठ्याकडे जाताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, आधी या चुका टाळा

"आमच्याकडे महापालिका आहे, तलाठी गावाकडे असतो" असं ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्रास ऐकायला मिळतं आणि पहिली चूक इथेच होते. ठाणे महापालिका 1982 ला झाली, नवी मुंबईची 1992 ला, पण पालिका आली म्हणून जमिनीचं दप्तर पालिकेकडे जात नाही, ते महसूल खात्याकडेच राहतं. म्हणजे तलाठी, त्याच्यावर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार (जुनी माणसं अजून मामलेदारच म्हणतात, ठाण्याला मिसळीमुळे तरी हा शब्द विसरता येत नाही), मग प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, मग कलेक्टर. घरपट्टीचं बिल पालिकेचं, सातबारा तलाठ्याचा. घरपट्टी आपल्या नावावर झाली म्हणजे जमीन आपल्या नावावर झाली असं बिलकुल नाही हो, घरपट्टी हा कर आहे, तो कोण भरतं एवढंच त्यातून कळतं.

अजून एक घोळ सध्या नवीन आहे. 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं आणि त्याच वर्षी ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं. दोन्ही नावं सारखीच वाटतात म्हणून लोक चुकीच्या दारात उभे राहतात. जमीन, सातबारा, फेरफार (जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद) म्हटलं की महसूल, एवढं पक्कं धरा. पूर्वी हे दप्तर वतनदार कुलकर्ण्यांकडे असायचं, 1950 च्या कायद्याने ती वतनं गेली, आता पगारी सरकारी माणूस आहे, आणि बोलताना सगळे अजून तलाठीच म्हणतात.

आता पत्त्याची चूक, आपल्या भागात ही जास्तच होते. अर्जात लोक सीवूड्स लिहितात, घोडबंदर रोड लिहितात, सेक्टर नंबर लिहितात. तलाठ्याच्या दप्तरात ही नावं नसतात, तिथे असतं मौजे, म्हणजे महसुली गावाचं नाव. सीवूड्सवाल्यांना करावे किंवा दारावे शोधावं लागेल, घोडबंदरवाल्यांना माजिवडे, कावेसर, ओवळे असं काहीतरी. मौजे आणि सर्व्हे नंबर जुन्या करारनाम्यात नाहीतर बिल्डरच्या टायटल रिपोर्टमध्ये सापडतो, तो घेऊनच निघा. आणि खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनी ठाण्याला येऊच नका, नवी मुंबई म्हणत असलो तरी तुमचा तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. बेलापूर ते ऐरोली मात्र ठाणे तालुका.

फ्लॅटचा सातबारा माझ्या नावावर करून द्या म्हणून तलाठ्याकडे जाणारे पण खूप आहेत. फ्लॅटचा वेगळा सातबारा नसतो. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) प्लॉटवर बिल्डिंग असेल तर जमीन सिडकोचीच, लीजवर दिलेली, तिथे ट्रान्सफरचं काम सिडकोकडे. ठाण्यात खाजगी जमिनीवर सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर यायला कन्व्हेयन्स लागतो, बिल्डर देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडून डीम्ड कन्व्हेयन्स. आणि इथे कमिटीवाल्यांनी नीट लक्ष द्या, कन्व्हेयन्स रजिस्टर झाला की काम संपलं असं समजून फाईल कपाटात जाते आणि सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं जुन्या मालकाचंच नाव राहतं, मग रिडेव्हलपमेंटच्या वेळी सगळी धावाधाव. लगेच फेरफार करून घ्या. तुमच्याकडे सिटी सर्व्हे झालेला असेल तर तिथे सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड लागतं आणि ते भूमी अभिलेख खात्याकडे, तलाठ्याकडे नाही.

फेरफार हा तर सगळ्यात मोठा विषय. तलाठ्याने नोंद धरली म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण तलाठी फक्त नोंद धरतो, मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि त्यानंतर मंजूर किंवा नामंजूर मंडळ अधिकारी करतो. हरकत आली तर सुनावणी. नामंजूर झाली तर प्रांताकडे अपील, मुदत 60 दिवस, आणि ही मुदत लोक नुसत्या हेलपाट्यात घालवतात. फेरफार नंबर घ्या, ऑनलाईन स्टेटस बघत राहा, तोंडी "होईल, या पुढच्या आठवड्यात" यावर राहू नका.

वारस नोंदीत गावठाणातल्या आपल्या घरांमध्ये एक गोष्ट फार होते आणि ती मला मनापासून चुकीची वाटते, बहिणींची नावं वगळतात. लग्न झालं, सासरी गेली, म्हणून नाव नाही. कायद्याने मुलगी वारस आहे, सगळ्या वारसांची नावं प्रतिज्ञापत्रात द्यावीच लागतात. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तिने स्वतः सब-रजिस्ट्रारकडे हक्कसोडपत्र नोंदवायचं, भावांनी परस्पर ठरवायचं नाही. खोटं प्रतिज्ञापत्र देऊन केलेली नोंद पुढे उलटते, संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून भाऊ-बहीण कोर्टात गेलेली कितीतरी घरं आहेत. जमिनीत हक्क आल्यावर 3 महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, घरात दुःख असतं हे मान्य, पण फार लांबवू नका. आणि तलाठ्याची वारस नोंद म्हणजे कोर्टाचा वारस दाखला नाही, तो 1827 च्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्ट देतं, कोणी तो मागितला तर तलाठ्याशी भांडून उपयोग नाही.

सातबारा काढताना फुकटवाल्या साईटची प्रिंट बँकेत देऊ नका, ती फक्त माहितीसाठी असते, डिजिटल सहीवाली काढा, पैसे किरकोळ लागतात. वाचताना फक्त नाव बघू नका, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, कुळ, बँकेचा बोजा, भूसंपादन. स्वस्तात गुंठा-दोन गुंठे मिळतायत म्हणून घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण संपादन झालेली जमीन विकणारे आहेत. क्षेत्र बघताना आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर, दोन्ही एकच धरून चालू नका, मोठ्या क्षेत्रात फरक पडतो.

आणि सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. कायद्यात ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, बस. मालकीचा खरा वाद दिवाणी कोर्टात सुटतो, म्हणून जमीन घेताना मूळ खरेदीखत, जुने फेरफार आणि निदान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (नोंदलेल्या जुन्या व्यवहारांची तपासणी) वकिलाकडून बघून घ्या.