गोव्यातल्या घरात छोट्या स्वयंपाकघराचं काम काढताना

काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच काढा. पावसाळ्यात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती ओल धरतात आणि त्यावर बसवलेल्या कपाटांची पाठ वर्षभरात फुगते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी करून घेऊ म्हणाल तर गवंडी मिळणार नाही, ते वेगळंच.

आधी नळ आणि वायरिंग, मग टाइल्स, त्यानंतर ओटा आणि शेवटी कपाटं. हा क्रम उलटला की नवी टाइल फोडावी लागते. वायरिंगसाठी चिरा छिन्नीने फोडू देऊ नका, त्याचे तुकडे निघतात. कटरने खाच मारून घ्या. ओव्हन आणि गिझरला १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट, प्रत्येकाला ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) हवा.

ओटा २४ इंच खोल, उंची ३२ ते ३४ इंच. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करून मापा. ग्रॅनाइटच्या पुढच्या काठाखाली बारीक खाच मारायला सांगा, नाहीतर सांडलेलं पाणी ओघळून थेट दारांवर जातं. सिंकच्या पाइपला मीटरमागे किमान २ सेंमी उतार हवा. सपाट पाइपात माशाची खवलं आणि खोबऱ्याचा चोथा साचून तुंबतो.

प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का बघा, म्हणजे ते ओल सोसणारं मरीन प्लाय असतं. कापलेल्या कडा एज बँडने (कडेवर चिकटवायच्या पट्टीने) बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. बिजागऱ्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साध्या लवकर गंजतात.