कोकणात गाडीला कस्टम रंग मारून घ्यायचाय? आधी पत्रा, मग हवा, मग शेड

कस्टम पेंट म्हटलं की सगळे आधी मोबाईलमधला फोटो काढून दाखवतात, असा निळा पाहिजे, अशी कँडी रेड पाहिजे, बोनेटवर डिझाईन पाहिजे. शेड निवडायला मजा येते हे मान्यच, पण आपल्याकडे अलिबागपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात रंग टिकणार की दोन पावसाळ्यांत फुगून निघणार हे शेडवर ठरत नाही. रंगाच्या खाली काय केलंय आणि रंग मारला त्या दिवशी हवा कशी होती, यावर ते ठरतं. म्हणून बजेट काढताना माझं सांगणं एकच, शेड हवी तर थोडी साधी घ्या, पण पत्र्याच्या कामात आणि प्रायमरमध्ये एक रुपया कमी करू नका.

आता वेळ. जून ते सप्टेंबर अजिबात नको. गणपतीच्या आधी तर गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांना चतुर्थीला गाडी दारात चकाचक पाहिजे असते, आणि त्या घाईत प्रायमर नीट सुकायच्या आत वर कलर बसतो. दिवाळी झाली की तिथपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस आपल्यासाठी सोन्यासारखे. कारण साधं आहे, थिनर उडताना पत्र्याचा वरचा थर गार पडतो, हवेत दमटपणा जास्त असला की तिथे बाष्प धरतं आणि चमक जाऊन दुधाळ झाक येते. कुडाळकडचा एक जुना पेंटर एका वाक्यात सांगतो, "पावसात रंग मारलो तर पांढरो पडतलो." हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारायची स्प्रे गन हातात घेऊच नये, आणि ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा पत्रा निदान ३ अंश तरी गरम हवा. हे मोजायचं छोटं मीटर ऑनलाईन मिळतं, फार महाग नसतं, पेंटरकडे नसेल तर तुम्ही घेऊन जा. थंडीतसुद्धा सकाळी दव असतंच, त्यामुळे उघड्या छपराखाली काम असेल तर साधारण दहा ते एक ही वेळ बरी, दव उडालेलं असतं आणि दुपारचा खारा वारा अजून जोरात सुटलेला नसतो.

गॅरेज कसं निवडायचं? भट्टी, म्हणजे बेकिंग बूथ असेल तर उत्तमच, साधारण ६० अंशाला अर्धा तास गाडी भाजली की क्लिअर, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, पक्का होतो आणि धूळ बसायचा प्रश्न राहत नाही. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा मोठ्या गावांत चौकशी करा, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला जायची तयारी ठेवा. पण बूथ नाही म्हणून माणूस वाईट असं अजिबात नाही. मला विचाराल तर बूथपेक्षा माणूस महत्त्वाचा. त्याला सरळ विचारा, दादा, दोन पावसाळ्यांपूर्वी तुम्ही रंगवलेली इथली एखादी गाडी दाखवाल का? परवा रंगवलेली गाडी कोणाचीही छानच दिसते. जुनी गाडी बघताना दाराची खालची कड, चाकाच्या वरची कमान आणि काचेच्या रबराच्या बाजूला बघा, तिथे फोड नसतील तर निर्धास्त गाडी द्या. अंगण जांभ्या मातीचं असेल तर तेही बघून घ्या, ती लाल धूळ ओल्या क्लिअरवर बसली की पांढऱ्या गाडीवर ठिपके उठून दिसतात. जो माणूस रंगाच्या आधी जमिनीवर पाणी मारतो, चारी बाजूंनी प्लास्टिक लावतो, त्याला कामाची कदर आहे असं समजा.

गाडी दिल्यावर पहिलं काम धुण्याचं, आणि तेही गोड्या पाण्याने. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं, बोअरचं पाणी मचूळ असतं, त्याने धुतलं तर मीठ काढायच्या ऐवजी आपण मीठच लावतो. पत्र्यावर मीठ राहिलं आणि वरून रंग बसला की ते मीठ थरातून ओलावा आत खेचतं आणि काही महिन्यांत बारीक फोड येतात. गाडी वाळूत नेणारे असाल, किंवा घर अगदी लाटांच्या आवाजात असेल, तर खालून, कमानीच्या आतून, दाराच्या खालच्या भोकांतून भरपूर पाणी मारून घ्या. त्यानंतर ग्रीस-वॅक्स काढायच्या रिमूव्हरने पुसायचं, आणि हे घासायच्या आधी, कारण टायर पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर राहिलं की पेपरने घासताना ते आणखी आत जातं आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

मग गंज. इथे मात्र थांबा आणि वेळ द्या. बंपर, लाईट, हँडल, बीडिंग, रबर सगळं उतरवून घ्यायला सांगा. टेप लावून भागवतो म्हणाला तर दुसरा माणूस बघा, कारण आपल्याकडचा गंज नेमका त्या रबराखाली बसलेला असतो. बॅटरीच्या ट्रेखाली, स्टेपनीच्या खाली, दाराखालच्या पट्टीत, सायलेन्सरच्या हँगरपाशी बोटाने वाजवून बघा, ठण आवाज आला तर पत्रा आहे, भद आवाज आला तर आत पोकळ झालाय किंवा जुन्या पुट्टीचा ढीग आहे. सेकंडहँड गाडी असेल तर चुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असणार. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या, त्यामुळे त्या भागातली जुनी गाडी रंगवणार असाल तर कार्पेट उचलून, सीटचे बोल्ट बघून मगच पुढे जा. वरून कितीही भारी रंग मारा, आतला गंज बाहेर येणारच.

पत्रा सडलाच असेल तर सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, भोकावर फायबर आणि लांबी थापायची नाही. वेल्डिंगच्या मागच्या बाजूलाही प्रायमर पोचला पाहिजे, नाहीतर तो जोड आतून खायला सुरुवात होते. आणि उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रभर ठेवायचा नाही, सकाळी बघाल तर त्यावर तांबूस झाक आलेली असते. ज्या दिवशी घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. माझ्या मते सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा थर हाच, कारण ओलावा अडवतो तो हा. नुसता सरफेसर, म्हणजे रंगाच्या आधी मारून घासायचा भरावाचा थर, मारून सोडून देणारे पुष्कळ आहेत, पण सरफेसर थोडासा स्पंजसारखा असतो, पाणी शोषतो.

लांबीचं पण तसंच. पॉलिस्टर पुट्टी पाणी धरते, आणि आपल्याकडे छोट्या गॅरेजात ती पाणी मारून वॉटर पेपरने घासायची सवय आहे, धूळ उडत नाही म्हणून. ते पाणी आत राहतं, वर रंग बसतो, मे महिन्याच्या उन्हात ते बाहेर यायला बघतं आणि फोड येतो. म्हणून पेंटरला आधीच प्रेमाने सांगा, काका, लांबी कोरडीच घासा, ८० किंवा १२० नंबरच्या पेपरपासून सुरू करून ३२० पर्यंत, हाताने नको, ब्लॉक लावून. थर जितका पातळ तितका चांगला, पत्रा डेंटरकडून नीट वर काढून घेतला तर दोन-तीन मिलिमीटरच्या वर लांबी लागूच नये. प्लास्टिकच्या बंपरला वेगळा प्लास्टिक प्रायमर लागतो, तो टाळला की रंग सालासारखा सुटतो. सरफेसरवर काळ्या पावडरचा गाईड कोट मारून घासलं की कुठे खड्डा राहिलाय ते लगेच दिसतं, मेटॅलिकसाठी शेवटचा पेपर ८०० तरी हवा.

एक गोष्ट बहुतेक कोणी विचारत नाही, कंप्रेसर. तो बाहेरचीच हवा ओढतो, म्हणजे आपली ही दमट हवा, आणि टाकीत पाणी साठतं. टाकी रोज सकाळी खालून रिकामी करतात का, लाईनला पाणी अडवणारा फिल्टर आहे का, हे डोळ्यांनी बघा. नाहीतर गनमधून रंगाबरोबर पाण्याचा थेंब येतो. आणि लाईट गेली तर काय करणार तेही विचारून ठेवा, अर्धं बोनेट क्लिअर होऊन कंप्रेसर बंद पडला तर ते पॅनेल परत घासावंच लागतं.

आता शेड. सॉलिड रंग सगळ्यात सोपा आणि नंतर टचअपलाही सोपा. मेटॅलिकमध्ये गन किती लांब धरली यावर चंदेरी दाणे कसे पडतात ते ठरतं, १५ ते २० सेंटिमीटर अंतर आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून, नाहीतर ढगाळ पट्टे दिसतात. पर्लचे तीन थर, खाली बेस, मधे पर्ल, वर क्लिअर. कँडीत खाली सिल्व्हर किंवा गोल्डन आणि वर पारदर्शक रंग, जितके कोट तितका गडद, त्यामुळे सगळ्या पॅनेलना मोजून सारखेच कोट हवेत आणि उद्या कोणी घासून गेला तर तेवढाच पॅच जुळवणं फार कठीण. मॅट मला स्वतःला आवडतो, पण समुद्राजवळ मी कोणाला सुचवणार नाही, त्यावर मिठाचे आणि पाण्याचे डाग पडतात आणि पॉलिश करून काढता येत नाहीत. काहीही ठरवा, आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर सगळे थर मारून तो उन्हात, सावलीत आणि संध्याकाळी बघा, संगणकावरची शेड आणि आपलं ऊन यांचा मेळ क्वचितच बसतो.

डिझाईन करायचं असेल तर आपल्याकडे हात फार गुणी आहेत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एअरब्रशने शेडिंग करणारी मुलं, बंदरावर होड्यांची नावं मोकळ्या हाताने लिहिणारे पेंटर, अशा कोणाला तरी विचारा, गणपती झाल्यावर त्यांनाही वेळ असतो. फक्त रंग गाडीचाच वापरायला लावा, बेस कोटवर डिझाईन, ते सुकलं की वर क्लिअर, म्हणजे ते कायम आत राहील. होडीचा इनॅमल क्लिअरखाली नको, सुरकुततो.

आणि कागदपत्रं. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, तो बदलणार असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओकडून नोंद करून घ्या, एमएच ०८ असो, ०७ असो की ०६. लोन चालू असेल तर बँकेला आणि शिवाय विमा कंपनीला कळवा. मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन मात्र मागूच नका, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. जीपवाल्यांना हा मोह फार होतो.

क्लिअरला पेंटर लोक लॅकर म्हणतात. टू-के, म्हणजे हार्डनर घालायचा, तोच घ्या, चांगल्या कंपनीचा, आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने नको. दोन कोटांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं थांबायलाच हवं, घाई केली की आत अडकलेला थिनर बुडबुडे काढतो. एक कळकळीची विनंती, या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, आणि आपल्याकडे पेंटर तोंडाला रुमाल बांधून काम करतात. रुमालाने ते अडत नाही. कार्ट्रिजचा मास्क त्यांच्याकडे नसेल तर आपल्या बिलात धरून एक घेऊन द्या, गाडीपेक्षा माणूस मोठा आहे.

डिलिव्हरी दिवसा घ्या, रात्री ट्यूबलाईटखाली नको. उन्हात आणि मग टॉर्च लावून तिरकं बघा, संत्र्याच्या सालीसारखा पोत, ओघळ, धुळीचे कण, पेपरचे चरे, रबरावर आणि काचेवर उडालेला रंग. बारीक कण आणि साल १५००, २०००, ३००० च्या पेपरने घासून कंपाउंडने निघतात, ते त्याच्याकडून करून घ्या आणि मगच शेवटचे पैसे द्या. दाराच्या आतल्या कडा, बोनेटची खालची बाजू रंगवली का, दाराची पाणी जायची भोकं रंगाने बुजली नाहीत ना, तेही बघा, ती बुजली तर पहिल्याच पावसात पाणी आत साठेल. दाराच्या आणि पट्टीच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या.

पहिला महिनाभर वॅक्स, सिरॅमिक काही लावायचं नाही, थिनर पूर्ण उडू दे. आंब्या-फणसाखाली लावू नका, चीक पडला की नवीन क्लिअरवर खूण राहते, पक्ष्यांची शीट पडली तर लगेच ओल्या कापडाने काढा. शेडचा कोड, मिक्सिंगचं प्रमाण आणि कोट किती मारले ते पेंटरकडून कागदावर लिहून घ्या, आणि उरलेला बेस हवाबंद डब्यात भरून घरी न्या, पुढे कधी बंपर घासला तर तोच उपयोगी पडेल.