डीएड-टीईटीवाल्यांसाठी: पियाजे आणि व्हायगॉट्स्की मला कसे समजले

डीएडच्या पहिल्या वर्षाला असाल किंवा टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी चालू असेल, आणि पियाजे-व्हायगॉट्स्की, म्हणजे मुलं कशी शिकतात हे सांगणारे दोन मानसशास्त्रज्ञ, वाचले की डोक्यात सगळा काला होत असेल तर हे वाचा. टीईटीच्या 150 मार्कांत 30 मार्क बालमानसशास्त्राचे, त्यामुळं आपण सगळेच गाईडमधला तुलनेचा तक्ता पाठ करतो, मीही केला होता. पण सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत सराव पाठाला गेले आणि समोर पोरं बसली तेव्हा त्या तक्त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

पियाजे मला कळला तो घरी, चुलीपाशी. आई भाकऱ्या करत होती, भावाची पाच वर्षांची मुलगी शेजारी बसलेली. ज्वारीच्या पिठाचे दोन सारखे गोळे तिला दाखवले, पीठ कशात जास्त विचारलं, तर म्हणाली सारखंच. मग आईनं तिच्यासमोरच एक गोळा थापला. आता? "भाकरीत जास्त हाय की आत्या, केवढी मोठी झाली बघ!" पसरटपणा तिला दिसला, जाडी कमी झाली हे नाही दिसलं. पियाजेनं मातीचे गोळे घेऊन हेच केलं होतं, आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते, या समजेलाच अक्षय्यतेची संकल्पना म्हणतात आणि 2 ते 7 वर्षांच्या पूर्वक्रियात्मक अवस्थेत ती पक्की झालेली नसते. तो तरुणपणी पॅरिसला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता, तिथं त्याच्या लक्षात आलं की एका वयाची मुलं चुकतात तीही साधारण एकाच पद्धतीनं. म्हणून चुकीचं उत्तर आलं की लगेच दुरुस्त करू नका, आधी "का गं?" विचारा. मला तर यापेक्षा मोठी गोष्ट त्या अख्ख्या धड्यात दिसत नाही.

फक्त वयाचे आकडे दगडावरची रेघ समजू नका. 1974 साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी वस्तूंच्या दोन सारख्या रांगांतली एक रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटून घेतली, तेव्हा 4 ते 6 वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी संख्या सारखीच आहे हे बरोबर सांगितलं. म्हणजे मोठ्या माणसानं स्वतः रांग हलवून परत तोच प्रश्न विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार.

आता व्हायगॉट्स्की. तिसरीतला एक मुलगा, घरी तेलुगू, आई विड्या वळते. फळ्यावर 1000 भागिले 25 लिहिलं की मान खाली. मी विचारलं, मम्मीनं हजार विड्या वळल्या, पंचवीसचा एक कट्टा, तर कट्टे किती? तरी गप्पच, मग शेजारच्या पोरानं तेच तेलुगूत सांगितलं, मी फक्त शंभर विड्यांचे चार कट्टे एवढं त्याच्यासोबत केलं, पुढं तो बोटं मोजत स्वतःशी पुटपुटत चाळीसवर आला! दुसऱ्या दिवशी पाचशेचे विचारले तर लगेच "वीस, टीचर." एकट्याला जमत नाही पण कुणी थोडा हात दिला की जमतं, ती मधली जागा म्हणजे निकटस्थ विकासाचं क्षेत्र. आणि ते पुटपुटणं, पियाजे त्याला आत्मकेंद्री बोलणं म्हणायचा आणि वयाबरोबर ते विरून जातं असं मानायचा, व्हायगॉट्स्की म्हणतो ते विरत नाही, आत जातं आणि त्याचाच विचार होतो. म्हणून वर्गात "तोंडं बंद" म्हणताना जरा थांबा, आणि घरची भाषा तर अजिबात बंद करू नका, आपल्या सोलापुरात एकाच बाकावर तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी असतं.

पेपरसाठी खरा फरक एवढाच धरा: पियाजेकडं विकास आधी, शिकणं त्याच्या मागून, व्हायगॉट्स्कीकडं शिकणं विकासाला पुढं ओढतं. दोघंही 1896 चे, पण व्हायगॉट्स्की 1934 लाच क्षयानं गेला. स्कॅफोल्डिंग (गरजेपुरता आधार देणं आणि जमू लागलं की तो काढून घेणं) हा शब्द व्हायगॉट्स्कीचा नाही बरं का, तो 1976 ला वुड, ब्रुनर आणि रॉस यांच्या लेखात आला, गाईडमध्ये मात्र तो त्याच्याच नावाखाली सापडतो, त्यामुळं प्रश्न नीट वाचा.

सराव पाठाला जाताना एक साधी वही ठेवा, डाव्या पानावर मुलाचं चुकीचं उत्तर जसंच्या तसं त्याच्याच शब्दात, उजव्या पानावर तुम्ही किती मदत केली आणि दुसऱ्या दिवशी ती काढून घेतल्यावर काय झालं.