हॉटएंड झटपट बदलायचाय? आधी कनेक्टर नीट निवडा

थ्रीडी प्रिंटरच्या हॉटएंडला (प्लॅस्टिक वितळवणाऱ्या भागाला) कनेक्टर निवडताना आधी हीटरचा करंट बघा. ४० वॅटचा हीटर २४ व्होल्टचा असेल तर साधारण १.७ अँपिअर घेतो, १२ व्होल्टचा असेल तर ३.३. जेएसटी-एक्सएच या छोट्या कनेक्टरची मर्यादा ३ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टच्या जुन्या मशीनला तो नकोच. तिथे एक्सटी३० किंवा मोलेक्स मायक्रो-फिट हे जास्त करंट झेपणारे कनेक्टर घ्या. मला मायक्रो-फिट आवडतो, कारण त्याच्या खटक्यामुळे हलत्या कॅरेजवरही (हॉटएंड वाहून नेणाऱ्या भागावरही) तो सुटत नाही. थर्मिस्टर म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर; त्याचा करंट नगण्य, त्याला जेएसटी चालेल. मात्र दोन्हींना एकसारखे कनेक्टर लावू नका, घाईत अदलाबदल होतेच! पिना तारेवर क्रिंपर या खास हत्यारानेच दाबा. पक्कडीने दाबलेली पिन ढिली राहून तापते. काढण्या-जोडण्याआधी वीज बंद, आणि नवा हॉटएंड बसला की झेड-ऑफसेट (नोझल आणि बेडमधल्या अंतराची सेटिंग) पुन्हा तपासा.