मावशीचा व्हायरस लागलेला पीसी: आधी फोटो वाचवा

मावशीचा जुना पीसी चालू केला की नुसत्या जाहिराती उघडायच्या, आणि लग्नाचे सगळे फोटो त्यातच. लगेच फॉरमॅट मारू नका.

१. चांगल्या कॉम्प्युटरवर रूफस (पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करता येईल असा बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी मोफत, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम) चढवा.
२. जुना पीसी चालू करताना एफ१२ (काहींत एफ९ किंवा एस्केप) दाबत राहा, पेनड्राइव्ह निवडा. विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे व्हायरसही जागा होत नाही.
३. फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. ईएक्सई (प्रोग्रामची) फाइल एकही नको, त्यात व्हायरस असू शकतो.
४. मग विंडोजच्या जागी हेच मिंट 'इन्स्टॉल' करा. २ जीबी रॅमवरही चालतं.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलं की डिस्क पूर्ण पुसली जाते. त्याआधी कॉपी केलेले चार-पाच फोटो दुसरीकडे उघडून बघाच.