तबेल्याची टोळी जंपिंग शोला निघताना

डिसेंबर असला तरी गोव्यात दहानंतर घामाच्या धारा लागतातच. घोडे पहाटेच गाडीत चढवा. दाणा निघण्याच्या दोन तास आधी संपलेला हवा. गवताची जाळी मात्र वाटभर समोर असू द्या. घोड्यामागे 40 लिटर पाणी धरा, तेही तबेल्यातलंच. परक्या पाण्याला काही घोडे तोंडच लावत नाहीत, मग पोटशूळाची भीती.

पायी कोर्स, म्हणजे अडथळ्यांची वाट, बघायला सगळेच जा, खरी मजा तिथेच. मोठ्या घोड्याची ढांग साधारण 3.6 मीटर, म्हणजे आपली 90 सेंटिमीटरची चार पावलं. दोन अडथळ्यांमधली पावलं मोजा, उतरण्याची दोन आणि उडीची दोन वजा करा, उरलेल्याला चारने भागा. वीस भरली तर चार ढांगा. तट्टाला हा हिशेब लागू नाही.

सरावानंतर तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळा, नाहीतर खोगीर सरकतं.

उडी संपली की तंग सैल करून सावलीत फिरवा आणि अंगावर पाणी ओतत राहा. ओला टॉवेल टाकून ठेवू नका. दमट हवेत तो उष्णता कोंडतो.

मंडळींसाठी पोई-भाजी न्या. सोलकढी उन्हात नासते, कोकम सरबतच बरं.